आज्ञावली-लेखनसंकेत

संगणकासाठी आज्ञावली लिहिताना नावे कशी द्यावीत, ओळी किती आत सरकवाव्यात, कंस कोठे उघडावेत व कोठे मिटवावेत, ओळीची लांबी किती असावी, टिपा कोठे द्याव्यात यांसंबंधी एका प्रकल्पातील सर्व लेखकांनी पाळावयाच्या नियमांना लेखनसंकेत म्हणतात. हे नियम भाषेच्या व्याकरणाहून वेगळे होत. व्याकरण मोडले, तर यंत्र आज्ञावली स्वीकारीत नाही. संकेत मोडला, तर यंत्राला सहसा त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचा त्रास होतो तो ती आज्ञावली पुढे वाचणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या माणसाला. प्रकारबद्ध भाषांत व्याकरण व संकेत यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट येते. अशा भाषेत प्रत्येक चलाला पूर्णांक, दशांश संख्या, अक्षरमाला यांसारखा एक प्रकार नेमलेला असतो आणि विसंगत प्रकार एकत्र आल्यास कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, चूक दाखवितो. त्यामुळे चुका टाळण्याचे कोणते काम प्रकारांवर सोपवावयाचे व कोणते संकेतांवर, हा प्रश्न या भाषांच्या आरंभापासूनच उभा राहिला. त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे.

आरंभीचा काळ : आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस (१९२४–२००७) व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली फोरट्रान भाषा १९५७ मध्ये वापरात आली. तीत लेखनाची मांडणी ८० स्तंभांच्या छिद्रित पत्राने ठरविली होती. पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा स्तंभ मागील ओळ पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी आणि सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंतचे स्तंभ प्रत्यक्ष विधानासाठी राखलेले असत. उरलेल्या आठ स्तंभांत पत्रांचे अनुक्रमांक घालीत. गठ्ठा हातातून पडला, तरी त्यांच्या आधारे पत्रे पुन्हा क्रमाने लावता येत. नावांना सहा अक्षरांची मर्यादा होती. रोमन लिपीतील आय ते एन या सहा अक्षरांपैकी एखाद्याने सुरू होणारे नाव पूर्णांकाचे व इतर सर्व नावे दशांश संख्यांची, असा नियम होता. गणितात पदांचे अनुक्रमांक दाखविण्यासाठी आय, जे, के इ. अक्षरे वापरण्याची जुनी रूढी होती. तिलाच भाषेने नियमाचे रूप दिले. म्हणजे नावाचे पहिले अक्षर हाच चलाचा प्रकार होता. संकेत आणि प्रकार यांत येथे भेद नव्हता.

सोय मोठी होती, पण धोकाही तेवढाच होता. चलाची घोषणा करण्याची सक्ती नसल्याने चुकीचे लिहिलेले नाव हे एक नवे चल ठरे. विधानातील मोकळ्या जागाही कंपायलर जमेस धरीत नसे. ‘डू १० आय = १, १०’ या विधानाचा अर्थ आयचे मूल्य एकापासून दहापर्यंत वाढवीत पुढील विधाने पुन्हा पुन्हा करावीत, असा होतो. यात स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर तेच विधान ‘डू१०आय’ नावाच्या चलाला १.१० हे मूल्य देणारे ठरे आणि कोणतीही चूक दाखविली जात नसे. पहिल्या अक्षराचा नियम रद्द करून प्रत्येक चलाची घोषणा सक्तीची करणारे ‘इम्प्लिसिट नन’ हे विधान फोरट्रान ९० या मानकात अधिकृत झाले. तोपर्यंत ती काही कंपायलरांनी आपापली दिलेली सवलत होती.

अल्गॉल ६० या भाषेने प्रकाराची घोषणा आरंभापासूनच आवश्यक ठरविली. पीटर नाउर (१९२८–२०१६) यांनी संपादित केलेल्या तिच्या अहवालात भाषेची संदर्भासाठी, प्रकाशनासाठी व यंत्रासाठी अशी तीन रूपे मानली होती. आज्ञावली माणसांनी वाचावयाची असते, हे त्यात गृहीतच होते. या भाषेत ओळ कोठे तोडावी व किती आत सरकवावी, याला यंत्राच्या दृष्टीने अर्थ उरला नाही. लेखनशैलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो, कारण जेथे मोकळीक नसते तेथे संकेताचीही गरज नसते. निक्लाउस व्हिर्ट (१९३४–२०२४) यांच्या पास्काल भाषेने (१९७०) हीच परंपरा पुढे नेली. १९७४ मध्ये ब्रायन कर्निहॅन व पी. जे. प्लॉजर यांनी ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात छापील पाठ्यपुस्तकांतील आज्ञावल्याच उदाहरणादाखल घेऊन त्यांतील दोष दाखविले होते.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी रचलेल्या सी भाषेत महिरपी कंस कोठे उघडावा, यावर पुढे बराच वाद झाला. कर्निहॅन व रिची यांनी आपल्या १९७८ च्या पुस्तकात मात्र कंसाच्या जागेला फार महत्त्व दिले नव्हते. एक पद्धत निवडावी व ती सातत्याने पाळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वादाला लागलेला वेळ पाहता, हा सल्ला फारसा कोणी मनावर घेतलेला दिसत नाही.

हंगेरियन अंकन : प्रकाराचे काम नावाकडून करून घेण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे हंगेरियन अंकन होय. बूडापेस्ट येथे जन्मलेले चार्ल्‌स सिमोनी (१९४८–   ) यांनी ही पद्धत झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात असताना विकसित केली व १९८१ नंतर ती त्यांच्याबरोबर मायक्रोसॉफ्ट कंपनीत आली. तीत प्रत्येक नावाच्या आरंभी चलाचा प्रकार सुचविणारी लहान अक्षरे जोडतात. सिमोनी यांच्या मनातील ‘प्रकार’ हा कंपायलरच्या प्रकाराहून सूक्ष्म होता. कोष्टकातील आडव्या ओळीचा क्रमांक व उभ्या स्तंभाचा क्रमांक हे दोन्ही पूर्णांकच. त्यांची बेरीज केली, तरी कंपायलरची हरकत नसते. परंतु नावांच्या आरंभी वेगवेगळी अक्षरे असली, तर ती बेरीज निरर्थक आहे, हे वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येते.

प्रसारात ही सूक्ष्मता हरवली. विंडोज प्रणालीच्या लेखनात आरंभीची अक्षरे चलाचा हेतू न सांगता त्याचा यांत्रिक प्रकारच सांगू लागली, म्हणजे कंपायलरला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा लिहिली जाऊ लागली. विंडोजमध्ये प्रत्येक संदेशाबरोबर येणाऱ्या ‘डब्ल्यूपॅरम’ या राशीतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर १६ द्विमान अंकांच्या ‘वर्ड’ या प्रकाराचे द्योतक होते. पुढे ही राशी प्रथम ३२ व नंतर ६४ अंकांची झाली, नाव मात्र तेच राहिले. प्रकार बदलला की कंपायलर त्याची दखल घेतो. नाव बदलणे माणसांवर अवलंबून असते आणि हजारो आज्ञावल्यांत रुजलेले नाव बदलणे कोणालाच परवडत नाही. २००२ मध्ये आलेल्या डॉटनेट चौकटीच्या मार्गदर्शक नियमांत हे अंकन वापरू नये, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितले. लिनक्स गाभ्याच्या लेखनसंकेतांत लिनस टॉर्व्हल्ड्स (१९६९–   ) यांनीही प्रकार कंपायलरला माहीत असतोच, याच कारणाने या पद्धतीची खिल्ली उडविली आहे. हे आक्षेप बिघडलेल्या पद्धतीला पूर्णपणे लागू पडतात. सिमोनी यांच्या मूळ कल्पनेला ते तितकेसे लागू पडत नाहीत.

समास आणि अर्थ : सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९७ मध्ये जावा भाषेसाठी संकेत प्रसिद्ध केले. आज्ञावलीच्या एकूण खर्चापैकी ८० टक्के खर्च देखभालीवर होतो व मूळ लेखक क्वचितच शेवटपर्यंत तिची देखभाल करतो, असे त्यांचे समर्थन त्यात दिले होते. ओळ ८० अक्षरांहून लांब नसावी, असाही नियम त्यात होता. १९२८ च्या छिद्रित पत्राची रुंदी अशा रीतीने पत्रे गेल्यावरही टिकली. ‘जर’ या अटीनंतर एकच विधान असले, तरी ते महिरपी कंसातच लिहावे, असे जावाचे संकेत सांगतात; लिनक्सच्या संकेतांप्रमाणे तेथे कंस अनावश्यक आहे.

हा मतभेद किती गंभीर ठरू शकतो, ते फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसून आले. ॲपल कंपनीच्या फोन व संगणकांवरील सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत, समोरच्या संगणकाची स्वाक्षरी पडताळण्याच्या भागात, ‘गोटू फेल’ हे विधान चुकून लागोपाठ दोनदा आले होते. अटीनंतर कंस नव्हता. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकविलेल्या असल्याने डोळ्याला दोन्ही अटीखालीच दिसत. यंत्राच्या दृष्टीने मात्र फक्त पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी प्रत्येक वेळी अमलात येई व पडताळणी पूर्ण न होताच ती यशस्वी झाल्याचा निर्वाळा दिला जाई. परिणामी मधल्या मध्ये तोतयेगिरी करणाऱ्याला गोपनीय संपर्कात शिरता येणे शक्य झाले. सर्व प्रकार जुळत असल्याने प्रकारांच्या तपासणीत हा दोष सापडणारा नव्हता. २०१६ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या समासाबद्दल इशारा देण्याची सोय आली. पीटर लँडिन (१९३०–२००९) यांनी १९६६ मध्येच ओळ आत सरकविण्याला व्याकरणाचा दर्जा देण्याची कल्पना मांडली होती. हॅस्केल या भाषेने ती स्वीकारल्याने तीत समास डोळ्याला एक व यंत्राला दुसरे असे सांगू शकत नाही.

यंत्राकडे गेलेले संकेत : रॉबिन मिल्नर (१९३४–२०१०) यांच्या एम.एल. भाषेत प्रकार लिहावे लागत नाहीत, कंपायलर ते अनुमानाने काढतो. तरीही या परंपरेतील हॅस्केलमध्ये मुख्य फलनांचे प्रकार लिहावेत, असा संकेत पडला, कारण यंत्राला नको असलेली माहिती वाचणाऱ्या माणसाला हवी असते. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत फलनांचे प्रकार लिहिणे व्याकरणानेच सक्तीचे केले असून, नाव ठरलेल्या धाटणीत नसल्यास तिचा कंपायलर इशाराही देतो.

२००९ मध्ये गूगल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या गो भाषेत हा प्रवाह सर्वांत पुढे गेला. तिच्याबरोबर येणारी ‘गोफमट’ ही उपाज्ञावली कोणीही लिहिलेले लेखन एकाच ठरीव मांडणीत आणते. त्यामुळे कंसांचा वाद तेथे उद्भवत नाही. नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू झाले, तरच ते आपल्या विभागाबाहेर वापरता येते, असाही तिचा नियम आहे. फोरट्रानप्रमाणेच येथे पहिल्या अक्षराला व्याकरणात स्थान मिळाले. हा नियम रोमन लिपी गृहीत धरतो. देवनागरीत लहान व मोठी लिपी असा भेद नसल्याने देवनागरी अक्षराने सुरू होणारे नाव विभागाबाहेर नेता येत नाही. शिवाय गोमध्ये नावात केवळ अक्षरे, अंक व अधोरेषा चालतात. काना, मात्रा, वेलांटी यांसारखी जोडचिन्हे युनिकोडमध्ये अक्षरे म्हणून गणली जात नसल्याने ‘घर’ हे चलाचे नाव चालते, ‘किंमत’ चालत नाही. जावामध्ये अशी जोडचिन्हे नावाच्या पहिल्या अक्षरानंतर चालतात.