मुद्राचित्रसंग्रहण : कृष्णा रेड्डी
मर्यादित आवृत्तीतील स्वाक्षरित मुद्राचित्रे जमवण्याचा व जतन करण्याचा व्यासंग (पहा : मुद्राचित्रण).

भारतीय अमूर्त इंटॅग्लिओ (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या) चित्रांत कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) यांचे काम प्रमुख मानले जाते. जन्म चित्तूरजवळ, शिक्षण शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे, पुढे लंडन व पॅरिस येथे. पॅरिसमधील ‘अतेलिए १७’ या स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेत हेटर, रेड्डी व मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले कैको मोती यांनी श्यानता-मुद्रणाचे (शाईच्या दाटपणावर आधारलेल्या छपाईचे) तंत्र विकसित केले.

या तंत्रात धातूचा पत्रा आम्लाने किंवा हत्यारांनी कमी-अधिक खोल कोरतात. जवसाच्या तेलाचे प्रमाण बदलून शाई पातळ किंवा दाट करतात. कठीण रूळ वरच्या पातळीवर, मऊ रूळ खोल भागापर्यंत शाई पोचवतो. वेगवेगळ्या श्यानतेच्या शाया परस्परांत मिसळत नाहीत. त्यामुळे एकाच दाबात बहुरंगी ठसा उमटतो. प्रत्येक वेळी शाई नव्याने लावावी लागत असल्याने एकाच आवृत्तीतील प्रतींत रंगभेद आढळतो, आणि संग्राहकाचे लक्ष मुख्यतः तेथेच असते.

चित्राखाली पेन्सिलीने क्रमांक व स्वाक्षरी असते. १२/७५ म्हणजे पंचाहत्तरांपैकी बारावी प्रत. हा क्रम छपाईचाच असतो असे नाही. ‘कलावंताची प्रत’ आवृत्तीबाहेर धरतात. पत्र्याच्या कडेचा दाबठसा, कागदाचा समास व डाग तपासतात (पहा : अम्लरेखन, कागद).

रेड्डी यांना १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६-१७ मध्ये हेटर, रेड्डी व झरीना हाश्मी यांच्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरवले.