गाठीशी काय असावे? : हौसेच्या नौकेवरील सुटे भाग आणि हत्यारे



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने नौकेवरच्या हत्यारपेटीवर व्याख्यान द्यावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानात संतसाहित्य किंवा गोमंतकातील मराठी शिक्षण असा विषय येईल, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु माझ्या प्रबंधासाठी मी किनाऱ्यावरील व्यवसायांचे शब्द गोळा करीत होतो. तेव्हा तांडेलांच्या, सुतारांच्या आणि जाळी विणणाऱ्यांच्या सहवासात दोन-तीन वर्षे काढली, आणि तेव्हापासून नौकेची ओढ मला सुटलेली नाही. दुसरे कारण गुरुजींशीच निगडित आहे. ते ओघात येईल.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘स्पेअर पार्ट’ला आपण ‘सुटा भाग’ म्हणतो. या प्रतिशब्दावर मी पूर्वीपासून नाराज आहे. सुटा म्हणजे वेगळा झालेला. मोडून पडलेला भागही सुटाच असतो. मोडण्याआधीच जो मोडण्याची वाट पाहत पेटीत पडून असतो, त्याला ‘राखीव’ म्हणणे अधिक न्याय्य. पण भाषा प्राध्यापकांना विचारून चालत नाही, तेव्हा मीही रूढ शब्दच वापरतो.

व्यापारी गलबतावर सुतार असे, शिडे शिवणारा असे, मोठ्या जहाजांवर लोहारही असे. डोलकाठी तडकली तर ते ज्याचे काम, त्याला हाक मारायची. हौसेच्या नौकेवर ही हाक मारायला कोणी नसते. एकटा माणूस निघाला की तोच तांडेल, तोच सुतार, तोच शिंपी आणि तोच वैद्य. आणि जागा किती? तीस-पस्तीस फूट. त्यातच पाणी, धान्य, शिडे, नांगर आणि अंथरूण. म्हणून बरोबर काय घ्यायचे आणि काय किनाऱ्यावर ठेवायचे, हा या नौकानयनाच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे. कोणत्याही नाविकाची सुट्या भागांची यादी वाचा. त्याला कशाची भीती वाटत होती, ते त्या यादीत उतरलेले असते.

या इतिहासाचा आरंभ जोशुआ स्लोकम यांच्यापासून धरण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील फेअरहेवन येथे एका शेतात टेकू लावून ठेवलेली जुनी, कुजलेली होडी त्यांना मिळाली. १३ महिने खपून त्यांनी ती बांधून काढली. खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. जुने एक लाकूड काढावे आणि तेथे नवे बसवावे, असे करता करता सगळी नौकाच नवी झाली, पण नाव जुनेच राहिले, ‘स्प्रे’. २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टन सोडून २७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला परतले. एकट्याने शिडावर केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. त्यांच्याजवळचा जुना क्रोनोमीटर दुरुस्त करायला १५ डॉलर पडतात म्हणून त्यांनी तो घरीच ठेवला आणि वाटेत एक डॉलरला पत्र्याचे घड्याळ घेतले. दीड डॉलर किंमत होती, पण तबकडी फुटलेली म्हणून स्वस्तात मिळाले! पुढे त्या घड्याळाचा मिनिटकाटा गेला, तेव्हा त्यांनी ते पाण्यात उकळले आणि घड्याळ पुन्हा तास दाखवू लागले. हे कोणत्या शास्त्राला धरून आहे, ते मला ठाऊक नाही.

स्लोकम यांची दुसरी गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. १८९६ साली मॅगेलनच्या सामुद्रधुनीत साम्ब्लिच नावाच्या एका कप्तानाने त्यांना सतरंजी ठोकण्याच्या बारीक चुकांची एक पिशवी दिली. स्लोकम रात्री त्या चुका फळीवर पसरून झोपत. अंधारात अनवाणी चढून आलेले तेथील रहिवासी ओरडत पाण्यात उड्या टाकून पळाले, असे त्यांनी मोठ्या खुशीत लिहिले आहे. लहानपणी मीही ते वाचून हसलो होतो. आज तितके हसू येत नाही, कारण ती सामुद्रधुनी त्या लोकांची होती, आणि गोऱ्यांच्या वसाहतींनी त्यांची जी वाताहत केली, ती स्लोकम यांच्या विनोदात दिसत नाही. तरीही, सतरंजी ठोकायची चूक रात्रीचा पहारेकरी होऊ शकते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. समुद्रावर वस्तूचा उपयोग तिच्या नावावरून ठरत नाही.

आता आपल्या अधिक जवळची नौका. ब्रिटिश व्यापारी नौदलातील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईत राहत असताना त्यांनी कुलाब्याच्या कारखान्यात ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची, सागवानी नौका बांधून घेतली. आराखडा १९२०च्या दशकातला, म्हणजे तेव्हाही जुनाट. कारागीर आपल्याकडचे, आणि पद्धतही त्यांचीच. वाकसाने तासायचे, दोरीने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडायची. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात सोडली. इराणच्या आखातातील एका वाऱ्याला अरब खलाशी जे नाव देतात, ते तिला दिले, ‘सुहेली’.

१९६८ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत जाहीर केली. एकट्याने, कोठेही न थांबता, कोणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. ‘कोणाची मदत न घेता’ या शब्दांचा अर्थ हत्यारपेटीच्या भाषेत असा की, निघताना जे नौकेवर नव्हते ते पुढे वर्षभर असणार नव्हते. ९ जण निघाले. १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून सुहेली निघाली, आणि महिना-सव्वामहिन्यातच, केप व्हर्ड बेटांच्या दक्षिणेस, तळाजवळच्या सांध्यातून पाणी येऊ लागले.

नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले. सांध्यात कापूस ठासायचा, हे मुंबईच्या सुतारांनाही ठाऊक असलेले काम. पण ते जमिनीवर करायचे असते. श्वास रोखून, हेलकावणाऱ्या नौकेखाली ते करता येईना. आत ठासलेला कापूस हातोडी पुन्हा उचलेपर्यंत बाहेर येई. मग त्यांनी वर येऊन कॅनव्हासच्या दीड इंच रुंद पट्टीवर कापूस शिवला, त्याला डांबर फासले, तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या आणि ती पट्टी पाण्याखाली सांध्यावर ठोकली. वर तांब्याचा पत्रा मारला. हा पत्रा कोठून आला? रेडिओ बसवायला आलेले कारागीर काम झाल्यावर तो नौकेवरच टाकून गेले होते! ज्या पत्र्याने नौका वाचवली, तो सुटा भाग म्हणून कोणी बरोबर घेतलाच नव्हता. या कामात एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारून मगच ते पुन्हा पाण्यात उतरले.

दुसरी घटना मला, शब्दांवर जगलेल्या माणसाला, विशेष प्रिय आहे. बॅटऱ्या भारण्याच्या लहान इंजिनात ठिणगीसाठी एक बारीक फट अचूक ठेवावी लागते. ती मोजायचे साधन, गॅरेजमधले लोक ज्याला फीलर गेज म्हणतात, ते नौकेवर नव्हते. त्यांनी वहीची पाने मोजली. इंचाला २०० पाने भरली, म्हणजे एक पान इंचाचा पाच सहस्रांश. पाहिजे तितकी पाने फटीत धरून त्यांनी ती जुळवली. कागदाचा इतका चोख उपयोग आम्हा प्राध्यापकांपैकी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे वाऱ्याच्या बळावर आपोआप सुकाणू धरणारे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचे मोडले, रेडिओ बंद पडला, पिण्याचे पाणी नासले. २२ एप्रिल १९६९ रोजी सुहेली फाल्मथला पोहोचली. शर्यत पूर्ण करणारी ती एकटीच.

त्याच शर्यतीत डोनल्ड क्रोहर्स्ट होते. विद्युत-उपकरणांचे हुशार अभियंते, कल्पक आणि कर्जबाजारी. ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ ही त्यांची तीन तळांची, प्लायवूडची नौका वेळेत पुरी होईना. नियमाप्रमाणे निघण्याची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर १९६८, आणि त्याच दिवशी ते घाईघाईने निघाले. नौकेवर सामानाचे ढीग होते, वायरींचे भेंडोळे होते. पण दुरुस्तीसाठी काढून ठेवलेले प्लायवूडचे तुकडे, स्क्रू आणि इतर सुटे भाग टेनमथच्या धक्क्यावरच राहून गेले. तळातले पाणी उपसायला लागणारी योग्य नळीही नव्हती.

नौका फुटू लागली, तेव्हा हा माणूस पुढे जाऊ शकत नव्हता आणि कर्जामुळे मागेही फिरू शकत नव्हता. डिसेंबरपासून त्यांनी रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवायला सुरुवात केली. अटलांटिकमध्येच घोटाळत राहून पृथ्वीप्रदक्षिणेचा आभास निर्माण केला. मार्च १९६९ मध्ये त्यांना अर्जेंटिनातील रिओ सालादो येथे नियम मोडून गुपचूप किनाऱ्याला लागावे लागले. कशासाठी? फुटलेल्या तळाला मारायच्या प्लायवूडसाठी आणि स्क्रूंसाठी. जे धक्क्यावर राहिले होते, नेमके त्याच्यासाठी. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका भर समुद्रात रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले ५,००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्ट यांचा विनाश विसरलेल्या स्क्रूंमुळे झाला, असे मी म्हणणार नाही. कर्ज, प्रसिद्धीचा हव्यास आणि ती अपुरी नौका, ही कारणे मोठी आहेत. पण धक्क्यावर राहिलेला तो ढीग वाचला की मला प्रत्येक वेळी दुसराच एक डबा आठवतो.

१९६४ साली या शाळेची तपासणी होती. हस्तव्यवसायाच्या खोलीत गुरुजींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. त्यात ठोकून सरळ केलेले जुने खिळे, बिजागऱ्या, कोयंडे, तांब्याची तार, एका छत्रीच्या काड्या. बाक मोडला, खिडकी लोंबली, की गुरुजी तो डबा घेऊन बसत. शाळेजवळ नवे घ्यायला पैसे नव्हते, हे आम्हा मुलांना कळत नव्हते. वर्ग झाडण्याचे काम माझ्याकडे होते. साहेबांना हा भंगाराचा डबा दिसू नये, म्हणून मी तो खाडीत रिकामा केला आणि डबाही तेथेच सोडला. तपासणी सुरू असताना फळ्याची खुंटी निखळली. गुरुजी आतल्या खोलीत गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि मग रिकाम्या हाताने आले. तासभर एका मुलाने फळा धरून ठेवला. तपासनीसांनी शेऱ्यात काय लिहिले ते मला माहीत नाही. गुरुजींनी संध्याकाळी डब्याविषयी विचारले तेव्हा मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुसरा डबा भरायला घेतला. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, आणि ते गेल्यानंतर आज येथे प्रथमच सांगतो आहे.

पुन्हा समुद्राकडे वळू. आपल्या मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ५६ फुटांच्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधली जात असताना दोंदे त्या कामात प्रथमपासून होते. म्हणजे कोणता बोल्ट कोठे आहे आणि त्याच्यामागे काय आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. माझ्या मते हा सर्वात हलका सुटा भाग, त्याला जागाच लागत नाही. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन पणजीहून निघाली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने पोर्ट लुई येथे त्यांना थांबावे लागले. २१ मे २०१८ रोजी त्या पणजीला पोहोचल्या.

आणि हत्यारपेटीची मर्यादाही दिवाडीच्याच नौकेने दाखवली. गोल्डन ग्लोबच्या सुवर्णमहोत्सवी शर्यतीसाठी तेथे सुहेलीची प्रतिकृती बांधली गेली, ‘तुरीया’. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि कमांडर अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. सर्व हत्यारे हाताशी असली तरी हातच हलत नसतील, तर ती पेटी काय करणार? तीन दिवसांनी फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना वाचवले. हाच माणूस २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीला उभा राहिला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. त्या फेरीत वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र दुरुस्त करताना शौचालयाचे दारसुद्धा कापून वापरावे लागले.

सुहेलीचे काय झाले, हे विचारल्याशिवाय आपण मला बसू देणार नाही. १९९७ पासून काही वर्षे ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तेथील कोरड्या, नियंत्रित हवेत कुलाब्याच्या सुतारांनी बसवलेल्या सागवानी फळ्या आक्रसू लागल्या आणि सांधे उघडू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले. फळ्यांमधले गंजलेले लोखंडी खिळे उपटून नवे बसवण्याचे काम त्यांनी वयाच्या सत्तरीत बराच काळ स्वतः केले. १४ जून २०१८ रोजी, पहिल्या प्रस्थानाला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, फाल्मथच्या पाण्यात सुहेली शिडे उभारून होती.