यकृत-विकरवाढ, दीर्घकालीन हिपॅटायटिसमधील

यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांतील एएलटी व एएसटी ही विकरे रक्तात उतरतात. आपल्याकडच्या तपासणी अहवालांत ती बहुधा एसजीपीटी व एसजीओटी या जुन्या नावांनी छापलेली असतात. हिपॅटायटिस बी विषाणू सहा महिन्यांहून अधिक काळ शरीरात टिकला, तर तो आजार दीर्घकालीन मानतात. अशा रुग्णात हे आकडे वर्षानुवर्षे खालीवर होतात. ते उतरवणारे ‘लिव्हर टॉनिक’ शोधत बसण्यात मोलाचा काळ जातो. वाढीचे कारण सापडणे महत्त्वाचे.

बी विषाणू पेशीला सहसा थेट मारत नाही. बाधित पेशींवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, तेव्हा एएलटी चढते. काही वेळा अशा चढानंतर विषाणूचा जोर ओसरतोही. सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे व्रण साठून कठीण बनलेल्या यकृताला मात्र हाच चढ झेपत नाही. म्हणून एएलटीसोबत विषाणूच्या डीएनएचे प्रमाण, ई-प्रतिजन, बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा निर्देशांक आयएनआर आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन पाहावा लागतो. कावीळ दिसली, आयएनआर वाढला किंवा रुग्ण बरळू लागला, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उपचारासाठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची गोळी रोज, बहुधा अनेक वर्षे घ्यावी लागते. आकडे सुधारले म्हणून ती मनाने बंद करणे धोक्याचे आहे. विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. हिपॅटायटिस सीचे तसे नाही. सोफोसबुव्हिर व जोडीच्या औषधाने साधारण १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण विषाणुमुक्त होतात. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्ही आजारांची औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

विषाणू औषधाने दबलेला असूनही विकरे वाढली, तर दुसरे कारण असते: दारू, मधुमेहासोबतचे चरबीयुक्त यकृत, क्षयाची औषधे, पावसाळ्यात दूषित पाण्यातून आलेला हिपॅटायटिस ए किंवा ई. काढे आणि चूर्णेही विचारून घ्यावीत. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरी आधीच आजारी यकृताच्या माणसाने ही जोखीम घेऊ नये. तेल-हळद वर्ज्य करून उसाच्या रसावर राहण्याच्या घरगुती पथ्याला आधार नाही; त्याने रुग्ण अशक्त मात्र होतो.

‘नॉर्मल’ अहवालही नीट वाचावा. अनेक प्रयोगशाळा एएलटीची वरची मर्यादा ४०च्या आसपास छापतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या हिपॅटायटिस बी मार्गदर्शिकेत ती पुरुषांसाठी ३० व स्त्रियांसाठी १९ आहे. सिऱ्होसिसमध्ये तर विकरे प्राकृत असू शकतात. अशा रुग्णाची यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, विषाणू पूर्ण दबलेला असला तरीही.