पाण्याची वाट आणि मुंबईचे मिस्त्री

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत ज्या पहिल्या मोटारगाड्या उतरल्या, त्यांना पावसापासून बचाव करणारे छप्पर असे जवळजवळ नव्हतेच. मागे दुमडणारी कॅनव्हासची टोपी, एवढाच काय तो बंदोबस्त. पुढे बंद गाड्या आल्या, तरी छपराचा मधला भाग लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या रोगणी कापडाचाच राहिला, आणि ते रोगण उन्हाने तडकले की गळती सुरू होई. ज्या जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९२८ पासून शिवडीस चालू होता, त्या कंपनीने १९३५ च्या नमुन्यांपासून एकसंध पोलादी पत्र्याचे छप्पर प्रचारात आणले, तेव्हा वरून येणाऱ्या पाण्याचा प्रश्न बव्हंशी सुटला. परंतु काचा, दारे आणि पत्र्यांचे सांधे ही जी पाण्याची चोरदारे, ती तशीच राहिली, आणि त्यांच्यावर पहारा ठेवता ठेवताच मुंबईच्या मिस्त्रीवर्गात एक स्वतंत्र हुन्नर आकारास आला.

या हुन्नराची खरी पाठशाळा ठरली ती फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० ही इटालियन गाडी १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बांधावयास घेतली. १९७४ च्या सुमारास तिच्या वंशातील गाडीस प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती या शहराचे अंगभूत लक्षण होऊन बसली. परंतु जिच्या अभियंत्यांनी ती आखली, त्या तूरिन नगरीत सबंध वर्षात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक मुंबईत एकट्या जुलै-ऑगस्टात कोसळतो. म्हणूनच मृगापूर्वी घराची कौले शाकारून घ्यावी, त्याप्रमाणे जाणता टॅक्सीवाला गाडीची रबरे मे महिन्यातच मिस्त्रीच्या नजरेखालून घालीत असे.

गळतीचे निदान हे या विद्येचे मर्म होय. पायाखालची चटई भिजली म्हणून पाणी तळातूनच आले असे समजणारा नवशिका हमखास फसे. कारण पाणी शिरते एका ठिकाणी, पत्र्याच्या कडेकडेने सरकत जाते आणि भलत्याच ठिकाणी उतरते. समोरच्या काचेभोवतीचे रबर उन्हाने आणि हवेतील ओझोनने कडक होऊन कोपऱ्यात आकसले, तर तेथून शिरलेला थेंब डॅशबोर्डाच्या मागून उतरत चालकाच्या पायाशी प्रकट होतो. कॅरिअरचे पाय आवळून छताच्या पन्हळीतील लांबी भेगाळली, तर ओल बैठकीखाली सापडते. म्हणून उस्ताद प्रथम बैठका व चटया काढून तळ कोरडा करवीत, संशयित सांध्यांवर आतून खडूची वा टाल्कम पावडरीची रेघ ओढीत, आणि मग हाती बॅटरी घेऊन स्वतः आत बसत. बाहेरच्या पोऱ्याने नळीचे पाणी सोडावयाचे ते मंद धारेने आणि खालून वर. कारण आरंभीच छतावर धार धरली तर सगळेच सांधे एकदम भिजतात आणि खरा अपराधी निसटतो. पावडरीवर जेथे पहिला ओघळ उमटे, तेथे खूण केली जाई. काचेचे रबर बदलावयाचे झाल्यास नव्या रबराच्या खाचेत सुतळी भरून काच चौकटीवर टेकवावयाची, आणि एकाने बाहेरून तळव्यांनी ती दाबून धरली असता दुसऱ्याने आतून सुतळी ओढीत ओढीत रबराची कड पत्र्यावर चढवावयाची, हे काम तर निव्वळ हातांच्या संगतीचे.

परंतु केवळ बुजविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे या कारागिरांना पुरते उमगले होते. दाराची काच वरखाली सरकावयाची असल्यामुळे तिच्या कडेने पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात, आणि ते आत वळू नये म्हणून अस्तराच्या फळीमागे प्लॅस्टिकचा वा डांबरी कागदाचा पडदा चिकटविलेला असतो. पर्जन्यवृक्षाच्या बारीक पानांनी व रस्त्याच्या धुळीने ती छिद्रे तुंबली, किंवा एखाद्या अजाण हाताने लांबी भरून बंद केली, की कोंडलेले पाणी पत्र्याला आतून खाऊ लागते. फियाटला स्वतंत्र चासी नव्हती; घडीव पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. तेव्हा तळ कुजला म्हणजे कणाच गेला, आणि वेल्डरने ठिगळे मारूनही त्यास पूर्वबळ येणे कठीण.

कालांतराने काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटविण्याची पद्धत रूढ झाली. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने, २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कचेरीत नोंदलेली अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवानिवृत्त झाली. त्याबरोबर या हुन्नराचे रोजचे गिऱ्हाईकही सरले. आज जे हौसेने जुनी गाडी सांभाळतात त्यांना पूर्वीपेक्षा कितीतरी सरस रबरे आणि लेप उपलब्ध आहेत. तथापि पाणी कोठे अडवावे आणि कोठे त्यास मोकळी वाट द्यावी, हा विवेक कोणत्याही डब्यात भरून मिळत नाही. तो ज्या वयोवृद्ध मिस्त्रींच्या हातांत अद्याप शिल्लक आहे, त्यांच्यापाशी बसून तो शिकून घेणे, ही जुन्या गाडीची सर्वांत निकडीची दुरुस्ती होय.