स्टाइनवेग आणि स्टाइनवे

बदलीच्या निमित्ताने ज्यांना चार मुलूख पाहावे लागले, त्यांनी रेल्वेच्या एखाद्या जुन्या इन्स्टिट्यूटमध्ये किंवा छावणीच्या क्लबात भिंतीशी उभा असलेला पियानो कधी ना कधी पाहिलेला असतोच. त्याच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या असतात, पाचसहा दाबल्या तर पुन्हा वर येत नाहीत, आणि झाकणावर पेल्यांच्या तळांचे गोल डाग उमटलेले असतात. आमच्या पावसाळ्याने लाकूड फुगते, उन्हाळ्याने तडकते, सरस सुटतो, तारा गंजतात. आणि मग कोणी त्याच्या वाटेस जात नाही. असल्या वाद्याचे झाकण उचलले म्हणजे आत सोनेरी अक्षरांत एक आडनाव लिहिलेले दिसते. ती आडनावे बहुधा जर्मन किंवा इंग्रज असतात. त्यांतील एका आडनावाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती निवडण्याचे कारण इतकेच की, ज्या माणसांनी गाव सोडला, भाषा सोडली, आडनावाचे शेपूटही बदलले आणि तरी मागील हिशोब सोडला नाही, अशा माणसांची ती हकीकत आहे.

जर्मनीत हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी व्होल्फ्सहागन नावाचे खेडे आहे. तेथे १७९७ साली हाइन्रिश एंगेलहार्ड स्टाइनवेग जन्मला. जर्मन भाषेत 'स्टाइन' म्हणजे दगड आणि 'वेग' म्हणजे वाट; आपल्याकडील वेगाशी त्याचा काही संबंध नाही. ह्या हाइन्रिशच्या बालपणाविषयी घराण्यात ज्या कथा सांगत असत, त्यांत युद्ध आहे, वीज पडून झालेले आप्तांचे मृत्यू आहेत, वॉटर्लूच्या रणांगणावरची तुतारीदेखील आहे. यशस्वी पेढीच्या मूळपुरुषाभोवती असल्या कथा जमतातच. त्यांना आम्ही फारसे महत्त्व देत नाही. खात्रीने सांगता येते ते एवढेच की, हा सुतारकामाच्या हाताचा मनुष्य झेसेन गावी स्थायिक झाला, १८२५ साली त्याने लग्न केले, आणि १८३६ साली आपल्या घराच्या स्वयंपाकघरात एक ग्रँड पियानो बांधून पुरा केला. चुलीच्या धगीने लाकूड वाळते आणि सरस पातळ राहतो, हा त्या जागेचा एक फायदा खरा; पण गृहिणीचे त्या दिवसांत काय झाले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

धंदा चालला, पण वाढेना. त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी संस्थाने होती, आणि प्रत्येकाची जकात निराळी. झेसेन ज्या ब्राउनश्वाइग संस्थानात होते, त्याच्या शिवेपलीकडे माल न्यावयाचा म्हणजे नाक्यावर पैसे मोजणे आले. त्यात १८४८ ची धामधूम झाली. तिच्यात हाइन्रिशचा मुलगा कार्ल हा गुंतला होता. तो १८४९ साली अमेरिकेस निघून गेला आणि तेथून घरी पत्रे लिहू लागला. पुढच्याच वर्षी बापाने गाशा गुंडाळला. वय त्रेपन्न, बरोबर बायको, मुले आणि मुली. हँबर्ग बंदरात 'हेलेने स्लोमन' नावाच्या आगबोटीवर ही मंडळी चढली आणि १८५० च्या जूनअखेर न्यूयॉर्कला उतरली. थोरला मुलगा थिओडोर मात्र दुकान सांभाळण्यासाठी मागे राहिला. ह्या थोरल्याची गाठ पुढे पडेलच.

न्यूयॉर्कला आल्याबरोबर ह्या लोकांनी दुकान काढले नाही. बाप आणि मुले निरनिराळ्या कारखान्यांत पगारी कारागीर म्हणून राहिली. ज्याने स्वतःच्या हाताने शेकडो वाद्ये बांधली, त्याने परक्याच्या कारखान्यात मजुरी करीत तेथील रीत, तेथील लाकूड, तेथील गिऱ्हाईक समजून घ्यावे, ही गोष्ट आम्हांस पुढच्या सर्व पदकांहून मोठी वाटते. तीन वर्षांनी, १८५३ च्या ५ मार्चला, व्हॅरिक स्ट्रीटवर 'स्टाइनवे अँड सन्स' ही पेढी निघाली. इंग्रजी नावाचा पियानो बाजारात अधिक खपे, म्हणून 'वेग'चे 'वे' झाले. अर्थ तोच राहिला. ह्या पेढीने विकलेल्या पहिल्या पियानोवर क्रमांक होता ४८३. जर्मनीत झालेली ४८२ वाद्ये हिशोबात धरली होती. सर्व्हिस बुकात पूर्वीची सेवा धरून घेण्यासाठी ज्यांनी अर्ज केले आहेत, त्यांना ह्या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आता वाद्याविषयी दोन शब्द. पियानो हे तारांचे वाद्य आहे, पण तारा बोटाने छेडावयाच्या नसतात. पट्टी दाबली की नमद्याने मढविलेला लहानसा हातोडा तारेवर आपटतो आणि तत्काळ मागे येतो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ही युक्ती काढली. पुढच्या दीडशे वर्षांत सभागृहे मोठी झाली, श्रोते वाढले, तेव्हा आवाजही मोठा हवा झाला. आवाज मोठा हवा तर तारा जाड हव्यात आणि अधिक ताणलेल्या हव्यात. आणि तारा ताणल्या की लाकडाची चौकट वाकते. आजच्या मोठ्या पियानोतील सर्व तारांचा मिळून ताण सुमारे वीस टन भरतो. हा भार पेलावयास बिडाची अखंड ओतीव चौकट लागते. ती चौकट अमेरिकेत पूर्वीच निघाली होती. स्टाइनव्यांनी तिच्या जोडीला दुसरी गोष्ट आणली. धाकट्या हेन्रीने १८५९ साली ग्रँड पियानोसाठी एक पेटंट घेतले. त्यात खर्जाच्या तारा इतर तारांच्या वरून तिरप्या नेल्या होत्या. त्यामुळे तेवढ्याच पेटीत तारा अधिक लांब बसल्या, आणि त्यांचा भार नाद घुमविणाऱ्या स्प्रूसच्या पातळ फळीच्या कडेवर न पडता मध्यावर पडला. खर्जाला जो गोलवा आला तो ह्यामुळे. पुढे पन्नास वर्षांच्या आत जगातील बहुतेक कारखानदारांनी हीच मांडणी उचलली.

१८६५ च्या मार्च महिन्यात घराण्यावर आघात झाला. हा बुद्धिमान हेन्री क्षयाने न्यूयॉर्कला गेला, आणि त्याच महिन्यात जर्मनीस गेलेला कार्ल तेथेच विषमज्वराने वारला. बापाने थोरल्याला बोलाविले. थिओडोरने तोवर आपला कारखाना ब्राउनश्वाइग शहरात चांगला रुजविला होता, आणि अमेरिकेची त्याला मुळीच ओढ नव्हती. तरी तो गेला. जाताना त्याने आपला धंदा ग्रोट्रियान, हेल्फरिश आणि शुल्त्स ह्या तिघांना विकला, आणि त्यांनी 'थिओडोर स्टाइनवेगचे उत्तराधिकारी' अशी पाटी लावली. ह्या पाटीने पुढे शंभर वर्षांनी केवढा तंटा उभा केला, ते शेवटी सांगू.

थिओडोर हा कारागिराच्या घरात जन्मलेला शास्त्रज्ञ. त्याने चाळीसहून अधिक पेटंटे घेतली. कठीण मेपल लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने एकावर एक जोडून, ती सारी जुडी एकदम वाकवून पियानोची बाहेरची कड तयार करण्याची रीत त्याचीच. ध्वनिशास्त्राचा आचार्य हेल्महोल्त्स ह्याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. येथे एक गमतीची गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. हेल्महोल्त्सने स्टाइनवे पियानोची वाखाणणी केली खरी, पण पियानोत सप्तकाचे जे बारा समान तुकडे पाडलेले असतात, ते त्याच्या कानास रुचत नसत. शुद्ध स्वरांसाठी त्याने एक निराळी पेटी मुद्दाम करवून घेतली होती. हाच ध्यास पुढे आपल्याकडे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना लागला. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट्स हे जिल्हा न्यायाधीश. दोघांच्या श्रुतिपेटीवर १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत कडाक्याचा वाद झाला. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत साध्या पेटीला दार बंद ठेवले, त्यामागेही हेच कारण होते : बांधलेल्या स्वराला श्रुती नाही आणि मींड नाही. पियानो आमच्या संगीतात रुजला नाही तो केवळ किमतीमुळे आणि पावसाळ्यामुळे, असे आम्हांस वाटत नाही.

घरातील व्यापारी बुद्धी मात्र विल्यमची. कारखान्यातून माल निघाला म्हणजे काम संपले असे त्याने कधी मानले नाही. १८६६ साली त्याने न्यूयॉर्कला दोन हजारांवर आसनांचे 'स्टाइनवे हॉल' बांधले. संगीत ऐकावयास येणाऱ्याला दुकानातील पियानोंच्या रांगांमधूनच आत जावे लागे. पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात पेढीला सुवर्णपदक मिळाले. प्रतिस्पर्धी चिकरिंग कंपनीलाही मिळाले, आणि आपले पदक वरचढ कसे, ह्यावर दोघांनी वर्तमानपत्रांतून जो जाहिरातींचा दंगा घातला तो कोणालाच शोभणारा नव्हता. १८७२-७३ साली विल्यमने रशियाचा आंतोन रुबिनस्टाइन ह्याला अमेरिकेत फिरविले. त्याचे २१५ कार्यक्रम झाले. कागदी नोटांवर विश्वास नसल्याने त्याने बिदागी सोन्यात घेतली. थोर वादकाबरोबर आपले वाद्य गावोगाव पाठवावयाचे ही रीत तेव्हापासून पक्की झाली.

ह्याच विल्यमची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७२ साली न्यूयॉर्कच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केले, त्यांत स्टाइनव्यांचे कारागीरही होते. ते बहुतेक जर्मनच. मालकाच्याच भाषेत त्यांनी मालकाशी भांडण मांडले. विल्यमने नदीपलीकडे अॅस्टोरियाला सुमारे चारशे एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तेथे त्याने लाकडाची गिरणी, बिडाची ओतशाळा, कामगारांची घरे, शाळा, बाग, ट्राम असे गावच वसविले. शाळेत जर्मन शिकवीत. चळवळ्यांपासून कामगार दूर राहावेत हा आपला हेतू त्याने चौकशी समितीपुढे स्वतःच सांगितला. घरे चांगली होती ह्यात शंका नाही. पण घर, शाळा, ट्राम आणि मजुरी ही सर्व एकाच हाती असली म्हणजे भांडावयाचे कोणाशी, हा प्रश्न राहतोच. तरीही १८८० साली तेथे संप झाले. पुढे ह्या मनुष्याने नदीखालून बोगदा काढण्याची योजना हाती घेतली. १८९२ च्या डिसेंबरात तेथे स्फोट होऊन पाच माणसे दगावली आणि काम बंद पडले. विल्यम १८९६ साली वारला तो मागे मोठे कर्ज ठेवून. बोगदा १९०७ साली दुसऱ्यांनी पुरा केला, आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची सात नंबरची गाडी अजून त्यातूनच जाते.

थिओडोरचे मन अमेरिकेत रमले नाही ते नाहीच. १८८० साली पेढीने हँबर्गला दुसरा कारखाना काढला. युरोपातील गिऱ्हाइकांना अमेरिकेचा खर्च आणि जकात पडू नये हे कारण होतेच, पण थोरल्याची ओढही त्यात असावी असे आम्हांस वाटते. तो जर्मनीस परतला आणि १८८९ साली ब्राउनश्वाइगलाच त्याने देह ठेवला. ज्या बंदरातून कुटुंब परागंदा झाले, त्याच बंदरात तीस वर्षांनी त्यांच्या नावाचा कारखाना उभा राहिला.

ह्या दोन घरांची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. 'शत्रूची मालमत्ता' हा शब्द आमच्या वाचकांपैकी काहींच्या फायलींत नेहमीचा आहे. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा हँबर्गचा कारखाना अमेरिकनांच्या मालकीचा म्हणून जर्मन सरकारने शत्रूची मालमत्ता ठरविला. आणि न्यूयॉर्कचा कारखाना, ज्याच्या मालकांचे आजोबा हँबर्गच्या धक्क्यावरून निघाले होते, मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी ग्लायडर विमानांचे भाग बनवू लागला. मेपलच्या पट्ट्या जोडण्याची थिओडोरने घालून दिलेली विद्या आता पंखांच्या कामी आली. त्याच कारखान्याने सैनिकांसाठी हिरव्या रंगाचे सुमारे अडीच हजार लहान उभे पियानो बांधले. त्यांतील काही हवाई छत्रीने छावण्यांत उतरविले गेले, असे सांगतात. तिकडे मित्रराष्ट्रांच्या बाँबफेकीत हँबर्ग होरपळले आणि तेथील कारखान्याचीही हानी झाली. एकाच नावाची माणसे एकाच आकाशाखाली दोन बाजूंना होती. युद्धानंतर हँबर्गचा कारखाना अमेरिकन मदतीने पुन्हा उभारला गेला.

पट्ट्यांच्या हस्तिदंताविषयी एक ओळ लिहिली पाहिजे. आफ्रिकेचा दंत झांजिबारहून निघे. त्यातला पुष्कळसा एकेकाळी मुंबईच्या पेठेतून पुढे जाई, आणि अमेरिकन व्यापारी तर थेट झांजिबारलाच ठाण मांडून होते. एका पांढऱ्या पट्टीमागे किती हत्ती आणि तो दंत किनाऱ्यापर्यंत वाहून आणणारे किती गुलाम मेले, ह्याची नोंद कोणत्याही पियानोच्या क्रमांकात नाही.

शेवटचा काळ थोडक्यात सांगतो. १९२६ साली पेढीने सहा हजारांवर पियानो विकले; मग रेडिओ आला, मंदी आली, काही काळ कारखान्याची दारे बंद ठेवावी लागली. युद्धोत्तर काळात जपानी कारखान्यांनी बाजार घेतला. १९७२ साली घराण्याने पेढी सी. बी. एस. ह्या नभोवाणी कंपनीला विकली. ज्या धंद्याने गिऱ्हाईक पळविले, त्याच धंद्याच्या हाती चाव्या गेल्या. १९८५ साली ती बॉस्टनच्या भांडवलदारांकडे आणि २०१३ साली न्यूयॉर्कच्या पॉलसन ह्यांच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली. घराण्यातील शेवटचा अध्यक्ष हेन्री स्टाइनवे २००८ साली वारला.

आणि ती ब्राउनश्वाइगची पाटी? ग्रोट्रियानांनी कारखाना उत्तम चालविला. एवढेच नव्हे, तर १९१९ साली त्यांनी आपले आडनावच कायदेशीररीत्या 'ग्रोट्रियान-स्टाइनवेग' असे करून घेतले. त्यांचे पियानो अमेरिकेत येऊ लागले तेव्हा स्टाइनवे कंपनीने हरकत घेतली. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ साली निकाल झाला : दोन नावांच्या सारखेपणामुळे गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, सबब 'स्टाइनवेग' हे नाव अमेरिकेत लावता येणार नाही. ज्या बापाने ते नाव समुद्र ओलांडून नेले, त्याच्याच पेढीने त्या नावाला त्या देशात बंदी करवून घेतली. तेव्हापासून ब्राउनश्वाइगचे पियानो अमेरिकेत 'ग्रोट्रियान' एवढ्याच नावाने उतरतात.