रक्तातील गुन्हा, दप्तरातील नोंद

मनुष्य दुर्वर्तनी होतो तो आनुवंशिकतेने की परिस्थितीने, या प्रश्नावर युरोपातील पंडितांचा वाद रंगण्यापूर्वीच, लोम्ब्रोसोचा जन्मजात गुन्हेगाराचा ग्रंथ १८७६ साली निघण्याच्या पाच वर्षे आधी, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून त्याचा परस्पर निकाल लावून टाकला होता. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्यास हरकत घेण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास उरत नसे. तिच्यात जन्मलेल्याने, हातून काही घडलेले नसतानाही, आपले नाव दप्तरी लावावे, हजेरी द्यावी आणि परवान्यावाचून गाव सोडू नये, असा अंमल बसला, आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला.

वास्तविक कारण रक्तात शोधण्याची गरज नव्हती. मीठ व धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या बैलतांड्यांचा धंदा रेल्वेने बुडविला, जंगले सरकारने राखीव केली, आणि भटकंतीवर जगणारा प्रत्येक समाज महसुली व्यवस्थेच्या दृष्टीने संशयित ठरला.

सोलापूरच्या वसाहतीत, जिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत, कैकाडी, पारधी, टकारी यांची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवून गिरण्यांत कामास धाडली जात, आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत. दुर्गुण उपजतच असेल तर शाळा कशासाठी? ज्या सरकारचा कायदा वंशावर उभा होता, त्याचीच वसाहत परिस्थितीच्या सामर्थ्यावर भरवसा ठेवून चालत होती, आणि या विसंगतीची किंमत निरपराध माणसांच्या तीन पिढ्यांनी मोजली.

आनुवंशिकतेचा वाटा मुळीच नाही, असे माझे म्हणणे नाही. डेन्मार्कमधील चौदा हजारांहून अधिक दत्तक अपत्यांच्या १९८४ सालच्या अभ्यासात जन्मदात्यांच्या शिक्षांचा संबंध अपत्यांच्या मालमत्तेविषयक गुन्ह्यांशी आढळला, हिंसक गुन्ह्यांशी नाही. न्यूझीलंडमधील २००२ च्या संशोधनात एका जनुकाच्या मंद रूपाचा दुष्परिणाम प्रामुख्याने बालपणी छळ सोसलेल्या मुलांत दिसला. अशा संभाव्यतांवरून एका मुलाचेही भाकीत करता येत नाही. मग अख्ख्या जमातीवर शिक्का मारण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या शास्त्राने दिला?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. परंतु १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा स्वतंत्र कायदा केला, आणि कित्येक राज्यांच्या तुरुंगनियमांत विमुक्त जमातींविषयीचा जुना संशय राहिला, जो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास घटनाबाह्य ठरवावा लागला.