‘फुकट’ रणगाड्यांचा खेळ नेमका किती फुकट? ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ची पारख

वर्ल्ड ऑफ टँक्स हा इंटरनेटवरून अनेकांनी एकाच वेळी खेळायचा रणगाड्यांच्या लढाईचा खेळ आहे. तो डाउनलोड करायला, खाते उघडायला आणि लढायला एकही रुपया लागत नाही. तरीही हा खेळ पंधरा वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यावर एक मोठी कंपनी उभी आहे. म्हणजे पैसा कुठून तरी येतोच. तो कुठून येतो, न देणाऱ्याला काय सोसावे लागते आणि खेळ म्हणून तो कसा आहे, हे या लेखात पाहू.

पुण्यात रणगाड्यांविषयीची उत्सुकता नवी नाही. वारज्यातून शिवणे, उत्तमनगरमार्गे जाणारा रस्ता थेट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे, म्हणजे एनडीएकडे जातो. ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटच्या नावातच पुणे आहे. या परिसरातल्या घरात एखाद्या मुलाने संगणकावर रणगाडा चालवायला घेतला, तर त्यात नवल नाही. आई-वडिलांना प्रश्न पडतो तो वेगळाच: यात पैसे जातात का, आणि वेळ किती जातो?

खेळ कोणाचा?

‘वॉरगेमिंग’ ही कंपनी १९९८ साली बेलारूसच्या मिन्स्क शहरात सुरू झाली. तिचे मुख्यालय आता सायप्रसमध्ये आहे. वर्ल्ड ऑफ टँक्स ऑगस्ट २०१० मध्ये रशियात आणि एप्रिल २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत आला. मोबाइलसाठीची ‘ब्लिट्झ’ ही वेगळी, छोटी आवृत्ती २०१४ साली आली. संगणकावर एका बाजूला १५ खेळाडू असतात, ब्लिट्झमध्ये ७. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ साली वॉरगेमिंगने रशिया आणि बेलारूसमधला व्यवसाय सोडला. तिथे हाच खेळ आता दुसऱ्या कंपनीकडून, वेगळ्या नावाने चालतो.

एक लढाई कशी चालते?

दोन गट, प्रत्येकी १५ रणगाडे आणि जास्तीत जास्त १५ मिनिटे. समोरचे सगळे रणगाडे नष्ट करणे किंवा त्यांचा तळ ताब्यात घेणे, हे उद्दिष्ट. लढाईत रणगाडा नष्ट झाला तर तो त्या लढाईपुरता संपला. खेळाडू बाहेर पडून दुसरा रणगाडा घेऊन नवी लढाई सुरू करू शकतो.

रणगाड्यांचे पाच प्रकार आहेत: हलके, मध्यम, जड, रणगाडाभेदी आणि लांबून मारा करणारी स्वयंचलित तोफ. हलक्याचे काम शत्रू शोधून देणे, जडाचे काम पुढे राहून मार झेलणे. नेमबाजीच्या इतर खेळांच्या तुलनेत इथे वेग कमी आणि विचार जास्त लागतो. कुठे उभे राहायचे, कधी डोके बाहेर काढायचे आणि कधी मागे सरकायचे, हे ज्याला कळते तो टिकतो.

यातली सर्वांत रंजक गोष्ट आहे चिलखताची. काकडी सरळ कापली की चकती लहान निघते, तिरकी कापली की लांब. चिलखताचेही तसेच आहे. १०० मिलिमीटर जाडीचा पत्रा ४५ अंशांत तिरका असला, तर समोरून येणाऱ्या गोळ्याला सुमारे १४१ मिलिमीटर पोलाद भेदावे लागते. ६० अंशांत तिरका असला, तर २०० मिलिमीटर. म्हणून अनुभवी खेळाडू रणगाडा शत्रूसमोर सरळ न ठेवता किंचित वळवून ठेवतो. शाळेतल्या त्रिकोणमितीचा इतका रोकडा उपयोग फार कमी खेळांत दिसतो.

त्याच वेळी खेळात नशिबालाही जागा आहे. एखाद्या तोफेचे सरासरी नुकसान ४०० असेल, तर प्रत्यक्ष फटका २५ टक्के कमी-जास्त होऊन ३०० ते ५०० च्या दरम्यान कुठेही पडतो. काहींना यामुळे लढाई रंगतदार वाटते, काहींना हातातोंडाशी आलेला विजय हिरावल्यासारखे वाटते.

मग कंपनी कमावते कशी?

खेळात रणगाडे पायऱ्यांनी लावलेले आहेत. या पायऱ्यांना ‘टियर’ म्हणतात. पहिल्या पायरीवर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले छोटे रणगाडे आहेत, वरच्या पायऱ्यांवर शीतयुद्धातले. लढाई खेळली की दोन गोष्टी मिळतात. एक, अनुभवाचे गुण, ज्यांनी पुढचा रणगाडा खुला होतो. दुसरी, ‘क्रेडिट’ हे खेळातले चलन, ज्याने तो विकत घ्यायचा. प्रत्येक लढाईनंतर दुरुस्ती आणि गोळ्यांचा खर्च याच क्रेडिटमधून वजा होतो.

पहिल्या काही पायऱ्या भरभर चढता येतात. खरी परीक्षा त्यानंतर. वर जावे तसे पुढचा रणगाडा खुला करायला लागणारे गुण वाढतात आणि दुरुस्तीही महाग होते. नवव्या-दहाव्या पायरीवर चांगले खेळूनही एखाद्या लढाईत मिळकतीपेक्षा खर्च जास्त होतो.

इथे खऱ्या पैशांचे दुकान सुरू होते. रुपये देऊन ‘गोल्ड’ हे दुसरे चलन घेता येते. त्यातून प्रीमियम खाते मिळते, ज्यावर प्रत्येक लढाईत सुमारे ५० टक्के जास्त गुण आणि क्रेडिट मिळतात. जास्त क्रेडिट कमावून देणारे प्रीमियम रणगाडेही विकत मिळतात. नाताळच्या सुमारास, आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्या विकल्या जातात.

कंपनी नेमके काय विकते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका खेळाडूला पुढच्या रणगाड्यासाठी १,००,००० गुण हवेत, त्याला एका लढाईत सरासरी ५०० गुण मिळतात आणि एक लढाई सरासरी ७ मिनिटे चालते. मग त्याला २०० लढाया, म्हणजे १,४०० मिनिटे, म्हणजे २३ तासांहून अधिक वेळ लागेल. प्रीमियम खात्यावर हेच काम १३४ लढायांत, म्हणजे सुमारे साडेपंधरा तासांत होईल. वाचले पावणेआठ तास. पैसे द्यायचे ते या पावणेआठ तासांचे. हे लांबलेले तासही कंपनीनेच ठरवलेले आहेत, हे विसरता कामा नये.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रीमियम खाते दिवसांवर चालते, खेळलेल्या तासांवर नाही. ३० दिवसांचे खाते घेणारा मुलगा रोज अर्धा तास खेळला तर त्याला १५ तासांचा फायदा मिळतो. रोज दोन तास खेळला तर त्याच पैशांत ६० तासांचा. म्हणजे पैसे दिले की ‘वसूल’ करण्यासाठी जास्त खेळावेसे वाटते. घरच्यांना वाटते, पैसे दिले म्हणजे वेळ वाचेल. प्रत्यक्षात उलट होण्याची शक्यता असते.

पैसे देणारा जिंकतोच का?

ही या खेळाबद्दलची सर्वांत जुनी तक्रार. सुरुवातीच्या काळात जास्त भेदक गोळे फक्त गोल्ड देऊनच मिळत. २०१२ साली ते क्रेडिटवरही मिळू लागले. २०१३ मध्ये कंपनीने, पैशांनी लढाईत थेट सरशी देणाऱ्या गोष्टी काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले.

आजची स्थिती मधली आहे. नवख्याने महागडा रणगाडा घेतला म्हणून तो जिंकत नाही. नकाशा आणि शत्रूचे कच्चे भाग माहीत नसतील तर तो दोन मिनिटांत बाहेर पडतो. पण भेदक गोळे क्रेडिटमध्येही महागच असतात आणि पैसे देणाऱ्याकडे क्रेडिट जास्त असतात. त्यामुळे दोन सारख्या कौशल्याच्या खेळाडूंत पैसे देणारा ते अधिक सढळ हाताने वापरू शकतो. पैशाने विजय मिळत नाही, सवलत मिळते.

प्रतिस्पर्धी: वॉर थंडर

याच जातीचा दुसरा खेळ म्हणजे ‘गायजिन’ कंपनीचा वॉर थंडर. त्यात रणगाड्यांना ठरावीक ‘प्राण’ नसतात. गोळा आत शिरून नेमका कोणाला किंवा कशाला लागला, चालक, तोफची, इंजिन की दारूगोळा, यावर निकाल ठरतो. एकाच गोळ्यात लढाई संपू शकते. वास्तवाच्या जवळचा अनुभव हवा असेल तर वॉर थंडर, चुका सुधारायला थोडी उसंत हवी असेल तर वर्ल्ड ऑफ टँक्स, अशी ढोबळ विभागणी करता येईल.

पैशांच्या बाबतीत मात्र दोघे भाऊभाऊच. मे २०२३ मध्ये वॉर थंडरच्या खेळाडूंनी दुरुस्तीचा खर्च आणि संथ प्रगती यांना कंटाळून ‘स्टीम’ या विक्रीमंचावर एकाच वेळी हजारो नकारात्मक अभिप्राय लिहिले. कंपनीला नियोजित बदल मागे घ्यावे लागले आणि सुधारणांचा आराखडा जाहीर करावा लागला. फुकट खेळणाऱ्यांची गर्दी नसेल तर पैसे देणाऱ्यांना लढायला कोणी उरत नाही. हीच त्यांची ताकद.

पडद्यावरचा आणि खरा रणगाडा

या खेळातले बरेच रणगाडे महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहता येतात. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरवर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. व्हॅलेंटाइन, माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन ही खेळातली ओळखीची नावे तिथे पोलादात उभी आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांशी जोडलेली वाहनेही आहेत.

खेळ कुठे खरा आहे आणि कुठे नाही, हे त्या युद्धांतून कळते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तर इथे पाकिस्तानकडे त्या काळातले आधुनिक पॅटन होते. भारताकडे सेंच्युरियनबरोबर जुने शर्मन आणि हलके एएमएक्स-१३ होते. भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले, उसात रणगाडे लपवले आणि पॅटन चिखलात अडकले. खेळात असे होत नाही. तिथे प्रत्येक नकाशा दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळावी म्हणून आखलेला असतो.

दुसरा फरक माणसांचा. पुण्यात १९५० साली जन्मलेले आणि एनडीएत शिकलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पूना हॉर्सच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. ते २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याच रणगाड्यातला त्यांचा एक सहकारीही मारला गेला. सेंच्युरियनमध्ये चार माणसे बसत: चालक, तोफची, गोळा भरणारा आणि कमांडर. खेळात ही चारही कामे एकच बोट करते आणि चौघे जण कोपऱ्यातल्या चार छोट्या चित्रांपुरते उरतात. खेळ चिलखताचा कोन चांगला शिकवतो. आत बसलेल्यांची किंमत शिकवत नाही, आणि ती त्याच्याकडून शिकावी अशी अपेक्षाही नको.

कायदा काय म्हणतो?

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैसे लावून, पैसे किंवा तसा लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी आणली. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये जिंकलेल्या क्रेडिटचे रुपये करता येत नाहीत, त्यामुळे नेहमीची खेळी या प्रकारात मोडत नाही. पण बंदी नाही याचा अर्थ खर्चावर मर्यादा आहे असा नाही. ती घरातच घालावी लागते. बंद पेट्यांविषयी बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ सालीच, काही खेळांतल्या अशा पेट्या जुगारात मोडतात, असे मत दिले होते. मुलांच्या बाबतीत त्या टाळलेल्याच बऱ्या.

खेळण्यापूर्वी काय पाहावे?

• संगणकात पुरेशी जागा आहे का? खेळ अनेक जीबींचा आहे आणि दर काही आठवड्यांनी नवी भर डाउनलोड होते.
• भारतातून आशिया सर्व्हर जवळचा पडतो. खाते उघडतानाच प्रदेश नीट निवडावा.
• खेळाला मराठी पर्याय नाही, इंग्रजी वाचता यावे लागते.
• पहिला महिना एकही रुपया न देता खेळावे. पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंतही मजा आली, तर खेळ आवडला असे समजावे.
• मुलाच्या मोबाइलवर किंवा खात्यावर कार्ड आणि यूपीआय जोडून ठेवू नये. वर्षाची रक्कम आधी ठरवावी.
• स्वस्तात गोल्ड किंवा तयार खाते देणाऱ्या अनोळखी व्यक्तींपासून दूर राहावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

निष्कर्ष

खेळ म्हणून वर्ल्ड ऑफ टँक्स चांगला आहे: संथ, डोके लावायला लावणारा, गटाने खेळायचा. मधल्या पायऱ्यांवर थांबण्याची तयारी असेल तर तो खरोखरच फुकट खेळता येतो, आणि अनेकांच्या मते लढायांची खरी मजाही तिथेच आहे. महाग पडते ती दहाव्या पायरीची घाई. ती आवरता आली तर खिसा शाबूत राहतो. नाही आवरली, तर एक तर रुपये जातात, नाही तर तास.